डाव्या गालावरचं ऊन

पहिलीतल्या एका मुलीनं मला भर वर्गात विचारलं, "बाई, चिडलाय का ओ?"

जून २०२३ ची गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. मी फळ्यावर बदकाचं चित्र काढून मागं वळले होते. चिडण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. "नाही गं, का?" म्हटलं, तर तिनं आपल्या दोन भुवयांमधली कातडी चिमटीत धरून दाखवली. "हितं असं झालंय." पुढचे दोन दिवस ती पाटी दाखवायला माझ्याजवळ आली नाही, जागेवरूनच उंच धरायची. मला ते फार लागलं. सहा वर्षांचं पोर अजून अक्षर वाचत नसतं, ते आधी बाईंचा चेहरा वाचतं.

त्या रात्री आरशासमोर बसून नीट पाहिलं. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा. आठ्या सगळ्यांनाच पडतात, पण या चेहरा सैल सोडला तरी जात नव्हत्या. मला तेव्हा ४९ वर्षं पूर्ण झाली होती. गालांवर वांग होते, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्यांचं जाळं होतं, आणि दोन महिन्यांपासून चेहरा सारखा तापायचा, त्याचं कारण मला ठाऊक नव्हतं.

खरं तर कारण माझ्याच कपाटात होतं. आधीच्या दिवाळीनंतर ओळखीतल्या एका बाईंनी मला एक ट्यूब सुचवली होती. मेडिकलमध्ये मागितली की मिळते, शंभर-सव्वाशे रुपयांत, कुणी चिठ्ठी विचारत नाही. मलाही कुणी विचारली नाही. पंधरा दिवसांत वांग फिके पडले, चेहरा उजळला. स्टाफरूममध्ये दोघीतिघींनी विचारलं, काय लावता म्हणून. मी सांगितलंसुद्धा, हे आज लिहिताना जड जातं. सात महिने मी ती रोज रात्री लावत होते. मार्चपासून गाल लाल व्हायला लागले, हनुवटीवर बारीक पुटकुळ्या आल्या, कानशिलाजवळ लव वाढली. एखाद्या दिवशी लावायची राहिली की चेहऱ्याची आग व्हायची, म्हणून परत लावायची. औषधच दुखणं झालं होतं.

त्या मुलीच्या प्रश्नानं मला दवाखान्यापर्यंत नेलं. शहरातल्याच एक त्वचारोगतज्ज्ञ, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मी आठ्यांचं विचारायला गेले होते. त्यांनी आठ्यांकडं पाहिलंच नाही आधी. "काय लावता?" मी पर्समधून ट्यूब काढून दिली. त्यांनी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. "यातलं तिसरं स्टेरॉइड आहे, ताई. हे मिश्रण आम्हीही देतो, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि नजरेखाली. सात महिने चेहऱ्यावर लावलं की कातडी पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या पसरतात, लव येते. आणि मग ती कातडी स्टेरॉइडशिवाय राहायला तयार होत नाही." २०१८ पासून अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

मग त्यांनी मला खिडकीकडं तोंड करून बसवलं आणि बराच वेळ गाल पाहत राहिल्या. "डावीकडं जास्त आहे. लक्षात आलंय का कधी?"

नव्हतं आलं. आरसा दिला हातात, तेव्हा दिसलं. डाव्या गालाच्या हाडावर तपकिरी डाग दाट, उजवीकडं विरळ. डाव्या डोळ्याच्या कडेच्या रेघा लांब आणि खोल. "गाडी चालवता का? कुठल्या बाजूला जाता?"

मी जुळे सोलापुरात राहते आणि विजापूर रस्त्यानं मंद्रूपच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. १७ वर्षं स्कूटीवर जा-ये. साडेनवाला निघायचं, साडेपाचच्या सुमाराला परत फिरायचं. सकाळी मी दक्षिणेला जाते तेव्हा सूर्य पूर्वेकडं, म्हणजे डाव्या हाताला. संध्याकाळी उत्तरेला परत येते तेव्हा तो पश्चिमेकडं कललेला, म्हणजे पुन्हा डाव्या हाताला. तिसरीच्या मुलांना मी दरवर्षी मैदानात उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभं करते, डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण, पाठीमागं पश्चिम. ते सगळं माझ्या स्वतःच्या गालावर लिहिलेलं होतं आणि मला वाचता आलं नव्हतं.

"आता दंड दाखवा, आतली बाजू." काखेजवळचा दंडाचा आतला भाग त्यांनी माझ्याच गालाशेजारी धरायला लावला. तिथली कातडी एकसारखी, डाग नाही, मऊ. "हे तुमचं वय. गालावर आहे त्यातलं बरंच उन्हाचं आहे." उन्हातले अतिनील किरण दोन तऱ्हेचे. एक कातडी भाजतात, तो जोर दुपारी. दुसरे दिवसभर असतात, ढगांतून आणि काचेतूनही येतात, ते खोल जाऊन कातडीला ताण देणारे कोलॅजनचे धागे तोडतात. भाजल्याचं आपल्याला लगेच कळतं, धागे तुटल्याचं वीस वर्षांनी. मला घरी सासूबाई आठवल्या. ७८ वर्षांच्या, उभं आयुष्य घरात बसून विड्या वळलेल्या. सुरकुत्या भरपूर, पण गालावर एक डाग नाही.

आठ्यांचं काय, असं मी शेवटी विचारलं. "करू. पण आधी ही आग थांबू दे. तीन महिने काही करायचं नाही." मी त्या दिवशी नाराज होऊनच बाहेर पडले. आज वाटतं, त्या नको म्हणाल्या म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

ट्यूब बंद केल्यानंतरचे पहिले सहा आठवडे या सगळ्या प्रवासातले सर्वांत वाईट. त्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. चेहरा मिरची लागल्यासारखा पेटायचा. भाकरी करताना तव्याची धग सहन व्हायची नाही, सासूबाई मला उठवून स्वतः बसायच्या. पुटकुळ्या वाढल्या, वांग परत आले, आधीपेक्षा गडद. रात्री दोनला उठून फ्रिजमधलं ओलं फडकं गालावर धरून बसले आहे. कपाटात अर्धी ट्यूब उरलेली होती आणि ती लावली की तासाभरात थांबेल हे मला माहीत होतं. एके रात्री टोपण उघडलंसुद्धा. आमच्या ह्यांनी ती हातातून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती डॉक्टरांकडं नेऊन दिली. पोटात घ्यायच्या गोळ्या, साधं वासाशिवायचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढ्यावर सप्टेंबर उजाडला आणि आग विझली.

सनस्क्रीनबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण आमच्या भागात यावरच सगळं अवलंबून आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. मी आयुष्यभर टिकलीएवढं सनस्क्रीन चोळत होते आणि लावलं म्हणत होते. डॉक्टरांनी तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत, दोन पट्ट्या पिळून दाखवल्या. चेहऱ्याला आणि मानेला एवढं लागतं. एसपीएफ ३० भाजणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८ टक्के, म्हणजे आकड्यात फरक थोडा आहे, पण कमी लावलं तर दोन्ही फुकट. दर दोन-तीन तासांनी परत लावायचं. माझ्यासाठी त्यांनी रंग असलेलं दिलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग असलेल्यांना नुसत्या उजेडानंही डाग गडद होतात आणि तो उजेड साधं पांढरं सनस्क्रीन अडवत नाही. जॉर्जेटचा पातळ स्कार्फ सोडला, दाट विणीचा सुती घेतला. हेल्मेटची काच पूर्वी वारा लागावा म्हणून वर असायची, ती खाली आली. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, उन्हात ती बिघडते. माझी पहिली तशीच गेली, तेल वेगळं आणि पाणी वेगळं.

ऑक्टोबरमध्ये ट्रेटिनॉइन सुरू झालं. हे जीवनसत्त्व अ च्या कुळातलं, त्या ट्यूबमध्येही होतं, पण आता एकटं आणि सौम्य, ०.०२५ टक्के. सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. जुनी कातडी लवकर निघून जाते आणि आत नवं कोलॅजन तयार व्हायला लागतं. कोंडा पडल्यासारखे पापुद्रे निघाले, ओठांचे कोपरे फाटले, मग सवय झाली. फरक दिसायला चार-पाच महिने लागले. डोळ्यांच्या कडेचं जाळं गेलं नाही, विरळ झालं. आजवर केलेल्या सगळ्यात स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पडलेलं हेच. पोटुशी बाईनं मात्र याला हातही लावायचा नसतो.

दिवाळीनंतर पील, म्हणजे आम्ल लावून कातडीची वरची साल काढणं. सोलापुरात पील उन्हाळ्यात करत नाहीत, शहाण्या डॉक्टर नाही म्हणतात. माझं ग्लायकोलिक आम्लाचं होतं. हे आम्ल उसात सापडतं असं त्यांनी सांगितलं आणि मला उगाच धीर आला, माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं. आधी कानामागं थेंबभर लावून दोन दिवस पाहिलं. चार दिवस ट्रेटिनॉइन बंद. मग ठरलेल्या दिवशी नाकपुड्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलिन, डोळ्यांवर ओलं गॉझ. चेहरा स्पिरिटसारख्या कशानं तरी पुसला आणि चपट्या ब्रशनं कपाळापासून लावायला सुरुवात केली. पहिलं अर्धं मिनिट गार. मग मुंग्या. मग लिंबू पिळल्यासारखं, जखमेवर. सिस्टर हातपंख्यानं वारा घालत होत्या आणि डॉक्टर मिनिटं मोजत होत्या, मोठ्यानं. तीन मिनिटं झाल्यावर त्यांनी बायकार्बोनेटचं पाणी मारलं, चेहऱ्यावर फेस फसफसला, एक क्षण जास्तच चरचरलं आणि थांबलं. पहिल्या वेळेला २० टक्के, नंतर ३५. दर वेळेला अठराशे रुपये, तीन आठवड्यांच्या अंतरानं. दोन दिवस कातडी आवळल्यासारखी, चौथ्या दिवशी बारीक साल. डाग हळूहळू उतरत होते.

आणि मग संक्रांत आली.

सोलापूरकरांना सांगायला नको, भोगीच्या दिवशी आमच्या ग्रामदैवताचा, सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक लग्न, असतो. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. मी लग्न होऊन आल्यापासून तो सहसा चुकवलेला नाही. त्या वर्षी माझं तिसरं पील होऊन सहाच दिवस झाले होते. सनस्क्रीन सकाळी लावलं होतं. दुपारी गर्दीत दोन-अडीच तास उघड्या तोंडानं उभी राहिले, देवापुढं तोंड बांधून काय उभं राहायचं असं वाटलं. अक्षता पडल्या, डोळे भरून आले, घरी आले. तिसऱ्या दिवशी डाव्या गालाच्या हाडावर रुपयाएवढा काळपट पट्टा उमटला, पील सुरू केलं त्याआधीही नव्हता इतका गडद.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण गप्प झाल्या. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त चपळ असतात. कातडी दुखावली की त्या रंग ओततात. पील, लेझर, नुसती पुटकुळी फोडली तरी. नवी साल आलेली कातडी सहा दिवसांची होती आणि मी ती जानेवारीच्या उन्हात धरली. पील बंद, डाग फिके करणारं अझेलेइक आम्लाचं क्रीम सुरू. तो पट्टा जायला जून उजाडला. गड्ड्याला, म्हणजे त्या यात्रेला गेल्याचं मला दुःख नाही. छत्री नेली असती, पुसून परत सनस्क्रीन लावलं असतं, तर एवढं झालं नसतं. पुढच्या वर्षी मी छत्री घेऊन गेले आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायका तिच्याखाली आल्या.

आठ्यांची पाळी आली ती जुलै २०२४ मध्ये, पावसाळ्यात. बोटॉक्स हा शब्द उच्चारायलाच आमच्याकडं संकोच. मीही सिनेमातल्या ताणलेल्या चेहऱ्यांची धास्ती घेतलेली. डॉक्टरांनी कागदावर भुवयांमधले स्नायू काढून दाखवले. हे एका जिवाणूचं विष, अत्यंत सूक्ष्म प्रमाणात. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आखड म्हणून निरोप जातो, तो निरोप हे अडवतं. स्नायू सैल पडला की वरची घडी उलगडते. तीन-चार महिन्यांत निरोप परत पोचू लागतो, परिणाम ओसरतो. डोळ्यांच्या पापण्या आपोआप आवळणाऱ्या रुग्णांना हे औषध पूर्वीपासून देत होते. १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला अशाच एका रुग्ण बाईनं नेत्रतज्ज्ञ जीन कॅरथर्स यांना सांगितलं की इंजेक्शन दिलं की माझ्या आठ्याही जातात, तिथून हे चेहऱ्याकडं वळलं. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये परवानगी मिळाली. धोकेही सांगितले. औषध खाली सरकलं तर पापणी काही आठवडे लोंबू शकते. स्नायूंचा आजार असलेल्यांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना देत नाहीत.

त्या दिवशी आधी आठ्या घालायला लावून फोटो काढला. बाटलीचं सील माझ्यासमोर तोडलं, मुदत वाचून दाखवली. हे प्रत्येकानं मागावं. पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके, प्रत्येकी ४ युनिट, एकूण २०. सात हजार रुपये. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक. बर्फ लावून टोचली तर मुंगी चावल्याइतकं, पण भुवईच्या आतल्या टोकाशी टोचताना कपाळाच्या आत बारीक करकर जाणवली, आंबट कैरी चावल्यासारखी, त्यानं मी दचकले. पाच मिनिटांत संपलं. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. त्या दिवशी हेल्मेट नको म्हणून हे मला घ्यायला आले. दोन दिवस डोकं जड होतं.

चौथ्या दिवशी मंद्रूपच्या अलीकडं ढगातून एकदम ऊन आलं. सवयीनं मी डोळे बारीक केले आणि भुवया जवळ आल्याच नाहीत. विचित्र वाटलं, जिन्याची एक पायरी कमी असावी तसं. दोन आठवड्यांनी उभ्या रेघांच्या जागी दोन फिक्या खुणा उरल्या. कपाळाला हातही लावला नव्हता, त्यामुळं भुवया वर जात होत्या, हसू माझंच होतं. ह्यांना तर फरकच कळला नाही. म्हणाले, झोप चांगली लागतेय वाटतं.

वर्गात मात्र मला एक कळलं, ज्याची मी कल्पना केली नव्हती. इतकी वर्षं मी पोरांना आठीनं दटावत होते. कुणी चुळबुळ केली की तोंडानं काही न बोलता नुसती आठी घालायची आणि वर्ग गप्प. आता आठी पडेना. मग नाव घेऊन, जवळ जाऊन बोलावं लागलं, काय झालं रे, का ढकललंस. वेळ जास्त जातो. पण ज्या पोरांच्या मनातलं मला कधी कळत नव्हतं, ती सांगायला लागली. डिसेंबरमध्ये परत एकदा घेतलं, त्यानंतर घेतलेलं नाही. आता रेघा हळूहळू परत येतायत, पण गाडीवर काच खाली असते म्हणून डोळे तितके आवळत नाहीत, आणि वर्गातली सवय मोडलीय.

नाकापासून ओठापर्यंतच्या घडीसाठी फिलरचंही विचारलं होतं. त्यात हायलुरॉनिक आम्लाचं जेल भरतात, ते पाणी धरून ठेवतं, आणि नको वाटलं तर विरघळवायचं औषध असतं. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. मला ती घडी सलत नव्हती. सोडून दिलं. लेझरला डॉक्टरच तयार नव्हत्या, माझ्यासारख्या वांगाला ते उलटू शकतं.

हे सगळं मी घरात लपवलं नाही, आणि त्याचं श्रेय सासूबाईंचं. पहिल्या पीलनंतर तोंड लाल घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या कमाईचं तू काय करायचं ते कर. चोरून करू नको, चोरून केलेलं आजारपणात निघतं." ती ट्यूब मी चोरूनच लावत होते.

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये सगळे गेल्यावर एक सहकारी बाई मागं थांबल्या. पदर गालावर ओढून बसल्या होत्या. मी सांगितलेलीच ट्यूब, दोन वर्षं झाली म्हणाल्या, आता बंद केली की आग होते. गाल लाल, कानशिलाजवळ लव. मला काही बोलायला सुचेना, त्यांचा हात धरून बसले. शनिवारी शाळा सकाळची आहे. सुटल्यावर आम्ही दोघी माझ्याच गाडीवर डॉक्टरांकडं जाणार आहोत. त्या म्हणाल्या, ट्यूब आजच फेकून देते. मी म्हटलं, फेकू नका, पर्समध्ये ठेवा, त्यांना मागची अक्षरं वाचायची असतात.